पाणी आणि उतार

बीदर शहराला लागून असलेल्या नौबादमध्ये जमिनीत ठिकठिकाणी खोल तोंडे दिसतात. वरून पाहणाऱ्याला त्या जुन्या, पडक्या विहिरी वाटतात. पण एकीपासून दुसरीकडे, दुसरीपासून तिसरीकडे नजर गेली की लक्षात येते, या सगळ्या एका ओळीत आहेत. अशा ओळीने विहिरी कोणी खणत नाही. शेतकरी आपल्या शेताच्या सोयीने विहीर काढतो, गाव आपल्या वस्तीच्या सोयीने. मग ही ओळ कसली? पाहणारा थोडा थांबला तर त्याच्या मनात येते, या विहिरी नसाव्यात; खालून एक बोगदा जात असावा आणि ही त्याची तोंडे असावीत.

अंदाज बरोबर आहे. ही कारेझ आहे. इथले लोक तिला सुरंग बावी म्हणतात. पंधराव्या शतकात अहमदशहा वली बहमनीने राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला आणली. बीदर हे जांभ्याच्या पठारावर वसलेले. जांभा सच्छिद्र, पावसाचे पाणी पोटात घेणारा. त्याच्या खालचा काळा पाषाण त्या मानाने घट्ट, पाणी सहजी खाली न सोडणारा. पाणी वरून मुरते आणि खाली अडते. ते अडलेले पाणी गाठायचे आणि उताराच्या बोगद्याने वस्तीपर्यंत आणायचे, ही इराणी विद्या इथे कामी आली. सर्वांत वरच्या अंगाला मूळ विहीर, तिथून मंद उताराचा बोगदा, आणि मधे मधे माती उपसायला, हवा खेळायला उभी तोंडे. मोट नाही, रहाट नाही. पाणी स्वतःच्या वजनाने चालत येते.

मला मात्र आज बोलायचे आहे ते वर आलेल्या ‘असावा’ या शब्दाविषयी. दिसणाऱ्या तोंडांवरून न दिसणाऱ्या बोगद्याकडे आपण गेलो, ते कशाच्या बळावर? डोळ्यांनी फक्त तोंडे दिली. बोगदा बुद्धीने जोडला. तर मग हे ज्ञान बुद्धीचे की डोळ्यांचे? युरोपात सतराव्या आणि अठराव्या शतकात या प्रश्नावर दोन पक्ष पडले आणि त्या वादातून माणसाची स्वतःच्या बुद्धीविषयीची समजूत बदलली. तो वाद आपण नौबादच्या या माळावर उभे राहून समजून घेऊ.

पहिला पक्ष बुद्धीचा. १६१९ सालच्या हिवाळ्यात देकार्त नावाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच तरुण जर्मनीत एका ऊबदार खोलीत एकटाच विचार करत बसला होता. आपल्याला जे जे ठाऊक आहे असे वाटते त्यातले बरेचसे ऐकीव, बरेचसे फसवे. इंद्रिये फसवतात, स्वप्नातही आपण पाहतो, ऐकतो. ज्यावर शंका घेताच येणार नाही असे काही सापडले तर त्यावर पायरीपायरीने सगळे ज्ञान रचता येईल, जसा भूमितीत थोड्या गृहीतकांवर सिद्धान्तांचा इमला उभा राहतो. १६४१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चिंतनां’त त्याने मेणाच्या गोळ्याचे उदाहरण घेतले. मेण विस्तवाजवळ नेले की त्याचा वास जातो, रंग बदलतो, आकार मोडतो, कठीणपणा नाहीसा होतो. इंद्रियांनी सांगितलेले सारे बदलले, तरी आपण म्हणतो, हे तेच मेण. ‘तेच’ हे कोणत्या इंद्रियाने सांगितले? कोणत्याच नाही, असे देकार्तचे उत्तर आहे. ते बुद्धीने जाणले.

हा युक्तिवाद हलका नाही. लाइब्निट्सने त्याला आणखी धार दिली. अनुभव कितीही गोळा केला तरी तो ‘असे झाले’ एवढेच सांगतो, ‘असेच व्हायला हवे’ हे कधीच सांगत नाही. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन असते हे आपण हजार त्रिकोण मोजून ठरवलेले नाही. एका सिद्धतेने ते सगळ्या त्रिकोणांसाठी ठरते. ही अनिवार्यता बुद्धीच्याच घरची आहे. म्हणून या पक्षाचा आदर्श असा झाला की खरे ज्ञान गणितासारखे असावे, पहिल्या तत्त्वांपासून निघून अखेरच्या निष्कर्षापर्यंत अतूट. स्पिनोझाने तर नीतिशास्त्राचा ग्रंथही भूमितीच्या घाटात, व्याख्या, स्वयंसिद्धे आणि प्रमेये मांडून लिहिला.

दुसरा पक्ष अनुभवाचा, म्हणजे अनुभववाद्यांचा. बुद्धीच्या आदर्शाला पहिले मोठे आव्हान दिले लॉकने, १६९० सालच्या आपल्या निबंधात. त्याचे म्हणणे साधे होते. जन्मलेल्या मुलाचे मन कोऱ्या कागदासारखे असते. त्यावर जे उमटते ते इंद्रियांतून आलेले, किंवा मनाने स्वतःच्या व्यापारांकडे वळून पाहिल्याने आलेले. बुद्धी जोडते, तोडते, तुलना करते. पण ज्यावर हे काम करायचे तो माल तिच्या घरचा नाही.

डब्लिनच्या मॉलिन्यूने लॉकला एक कोडे कळवले होते आणि लॉकने ते १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत घेतले. जन्मांध माणूस घन आणि गोल हाताने ओळखायला शिकला आहे. त्याला अचानक दृष्टी मिळाली. समोर ठेवलेल्या दोन वस्तूंपैकी घन कोणता आणि गोल कोणता, हे तो हात न लावता, केवळ पाहून सांगू शकेल का? आकाराची कल्पना बुद्धीच्या घरची असेल तर तिला स्पर्शाचे दार काय आणि दृष्टीचे दार काय, तिने ओळखायला हवे. मॉलिन्यू आणि लॉक दोघांचेही उत्तर होते: नाही सांगता येणार. पुढची तीन शतके विद्वान यावर युक्तिवाद करत राहिले.

उत्तर मिळाले ते आपल्या दिल्लीत. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मापासून न दिसणाऱ्या, पण शस्त्रक्रियेने दृष्टी मिळू शकणाऱ्या मुलांवर उपचार झाले. त्यांतल्या आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांची चाचणी घेतली गेली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. पट्टी निघाल्यावर लगेच, हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखायला सांगितली तर मुलांना ती जवळजवळ ओळखता आली नाही. अंदाजाने बोट ठेवावे इतपतच उत्तरे बरोबर आली. लॉक जिंकला असे वाटावे. पण काही दिवसांतच, कोणी मुद्दाम न शिकवता, मुले ओळखू लागली.

या प्रयोगात दोन गोष्टी एकत्र आहेत आणि दोन्ही धरून ठेवायला हव्यात. आकाराचे ज्ञान आधीपासून तयार नव्हते. पण अनुभव मिळताच ते इतक्या लवकर जुळले की मनात ते जुळण्याची काही ठेवण असली पाहिजे. लाइब्निट्सने लॉकला उत्तर देताना हीच शक्यता मांडली होती. मन कोऱ्या पाटीसारखे नसून शिरा असलेल्या संगमरवरासारखे आहे, असे तो म्हणाला; घडवणाऱ्याची छिन्नी लागल्याशिवाय मूर्ती होत नाही, पण शिरा आधीच असतात. लॉकच्या निधनानंतर लाइब्निट्सने हे उत्तराचे पुस्तक छापायचे थांबवले आणि ते १७६५ साली, त्याच्याही मृत्यूनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, बाहेर आले.

आता बोगद्याकडे परत येऊ. कारेझचा बोगदा पाणी वाहून नेतो, पाणी तयार करत नाही. मूळ विहिरीत झरा लागला तर त्यातला थेंबन् थेंब वस्तीपर्यंत पोहोचवणे हे बोगद्याचे काम. झराच नसेल तर कितीही सरळ, कितीही रेखीव बोगदा कोरडाच. तर्काचे नेमके असेच आहे. तर्क सत्य वाहून नेतो. आधारविधाने खरी असतील आणि तर्क शुद्ध असेल तर निष्कर्ष खराच निघतो, वाटेत सत्य गळत नाही. पण आधारविधानांत सत्य आले कुठून, याचे उत्तर तर्काजवळ नाही.

ह्यूमने १७३९-४० मध्ये, वयाची तिशी पुरी होण्याआधी, आणि पुन्हा १७४८ मध्ये हेच वेगळ्या रीतीने मांडले. आपली विधाने दोन जातींची. काही केवळ कल्पनांच्या परस्परसंबंधांविषयी असतात, जसे भूमितीचे सिद्धान्त. ती निश्चित असतात, कारण जगात काय आहे याविषयी ती काहीच दावा करत नाहीत. दुसरी वस्तुस्थितीविषयी असतात. तिथे उलटे घडणे नेहमीच कल्पनीय असते, म्हणून नुसत्या विचाराने ती सिद्ध होत नाहीत. देकार्तला पहिल्या जातीची निश्चितता दुसऱ्या जातीच्या विधानांना हवी होती. अनुभववाद्यांचे खरे आव्हान हे आहे.

कारेझ खणणाऱ्यांना हा भेद हातांनी माहीत होता. अकराव्या शतकाच्या प्रारंभी इराणी गणिती अल्-कराजी याने जमिनीखालचे दडलेले पाणी वर आणण्याच्या विद्येवर ग्रंथ लिहिला. बीजगणितात ज्याचे नाव आहे त्यानेच पाण्याची लक्षणे आणि पातळी मोजण्याची साधने यांविषयीही लिहिले. उतार किती द्यायचा हे गणित सांगते. तो फार असला तर पाणी तळ खरवडून बोगदा ढासळवते, फार कमी असला तर पाणी साचते. पण पुढच्या हातभर खडकात काय आहे, हे कोणतेही गणित सांगत नाही. ते कुदळ सांगते. भूगोलाचे अभ्यासक वल्लियिल गोविंदनकुट्टी यांनी बीदरच्या कारेझचा माग काढला तोही असाच: नकाशावर रेषा आखून, आणि मग प्रत्येक तोंडापाशी जाऊन.

आधारविधान तपासले नाही तर काय होते याची एक कथा याच बीदरची आहे. ख्वाजा महमूद गवान हा बहमनी राज्याचा वजीर. १४७२ साली त्याने इथे बांधलेला मदरसा आजही उभा आहे. त्याच्या विरोधकांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि वर ओरिसाच्या राजाला चढाईचे आमंत्रण लिहिले, अशी हकीकत इतिहासकार फिरिश्ताने नोंदवली आहे. सुलतान मुहम्मदशहाने ते पत्र पाहिले. त्याचा तर्क असा: ज्या पत्रावर वजिराचा शिक्का ते वजिराचे, या पत्रावर त्याचा शिक्का आहे, म्हणून हे त्याचे. गवानने सांगितले, शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही. १४८१च्या एप्रिलमध्ये सुलतानाने त्याला मारवले.

या तर्काच्या आकारात एकही चूक दाखवता येणार नाही. चूक पहिल्याच विधानात होती आणि ती शोधायला बुद्धीचा आणखी कस लावून उपयोग नव्हता. शिक्का सांभाळणाऱ्याला बोलावून विचारायला हवे होते. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, अशा दोषाला ‘उपाधी’ हे नाव दिले आहे. धूर असेल तिथे अग्नी असतो. पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असे नाही, सरपण ओले असावे लागते. हा ओलेपणा उपाधी. शिक्का असेल तिथे धन्याची इच्छा असते, पण केव्हा? शिक्का शुद्धीतल्या माणसाच्या हाती असेल तेव्हा. ही अट सुलतानाने पाहिली नाही.

आणि मुळात नैयायिकांची भाषा काय सांगते ते पाहा. ‘अनुमान’ या शब्दातला ‘अनु’ म्हणजे नंतर, मागोमाग. अनुमान हे प्रत्यक्षाच्या मागून येणारे मोजमाप. न्यायसूत्रांत अनुमानाची व्याख्याच ‘प्रत्यक्षपूर्वक ज्ञान’ अशी आहे. तर्कविद्येचे जुने नाव आन्वीक्षिकी. त्यातली अन्वीक्षा म्हणजे जे आधी पाहिले त्याकडे पुन्हा पाहणे. आणि ‘अनुभव’ या शब्दातही तोच ‘अनु’ आहे. बुद्धीला पहिल्या पाटावर बसवून अनुभवाने मागून यावे, असा क्रम आपल्या प्रमाणविचारात फारसा कोणी लावला नाही.

मात्र अनुभवाच्या बाजूचीही एक अडचण आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती आपण कशावरून ठरवतो? चौदाव्या शतकात विजयनगरच्या काळात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात चार्वाकांचा आक्षेप मांडला आहे. प्रत्यक्ष फक्त समोरचे दाखवते, होऊन गेलेले आणि होणारे सगळे धूर दाखवत नाही. अनुमानाने व्याप्ती ठरवावी तर त्या अनुमानाला आणखी एक व्याप्ती लागेल, तिला आणखी एक. शब्दप्रामाण्यही अखेर अनुमानावरच टेकते. म्हणजे व्याप्ती कुठूनच सिद्ध होत नाही. ह्यूमने चारशे वर्षांनी स्वतंत्रपणे हीच अडचण गाठली: उद्या सूर्य उगवेल हे मानण्याला तार्किक आधार नाही, सवयीचा आहे. देकार्तच्या आदर्शावर उगारलेले शस्त्र असे अनुभवावरही उलटते.

नौबादच्या कारेझने हा धडा दगडात लिहून ठेवला आहे. जे पाणी पिढ्यान्‌पिढ्या आले ते येतच राहील, असे कोणालाही वाटले असते. पण काळाच्या ओघात तोंडे बुजली, काहींच्या आसपास बांधकामे झाली, गाळ साचला. काल पाणी होते, यातून उद्या असेल हे निघत नाही.

मग काय करायचे? दहाव्या शतकातल्या नैयायिक उदयनाचे उत्तर मला सर्वांत शहाणे वाटते. शंका जरूर घ्या, पण शंकेलाही सीमा आहे. जिथे ती शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी विसंगत होते तिथे ती थांबते. धूर हवा असेल तर शंकेखोरही अग्नीच पेटवतो, भूक लागली तर अन्नाकडेच जातो. पूर्ण निश्चिती मिळत नाही म्हणून ज्ञानच नाही, असे ठरत नाही. ज्ञान म्हणजे दुरुस्तीला तयार असलेला विश्वास. कारेझ एकदा खणून संपत नाही. वरचेवर गाळ काढावा लागतो. सिद्धान्तांचेही तसेच.

आणि बुद्धीचे काय उरले? पुष्कळ. झरा आहे पण बोगद्याला उतार नाही, तर वस्तीला पाणी मिळत नाही. नुसते अनुभव साठवलेला माणूस ज्ञानी होत नाही. त्यांत क्रम, कारण आणि संबंध पाहणारी बुद्धी हवी. १७८१ साली कांटने दोन्ही पक्षांचा हिशेब मांडला तो याच सुराचा होता. इंद्रियांवाचून बुद्धीला आशय नाही आणि बुद्धीवाचून इंद्रियांना डोळे नाहीत. अनुभववाद्यांनी बुद्धीला सिंहासनावरून उतरवले, पण घराबाहेर काढले नाही. तिला त्यांनी खाली उतरून पाहायला लावले.

मराठी वाचकाला हे सांगणे मला अगत्याचे वाटते, कारण आपल्याकडे एकाच शब्दात दोन अर्थ मिसळले आहेत. आपण ‘बुद्धिप्रामाण्यवाद’ किंवा ‘विवेकवाद’ म्हणतो तेव्हा समोर असते ते ग्रंथप्रामाण्य, रूढी, बुवाबाजी. १८८८ साली ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांनी या अर्थाने बुद्धीची बाजू घेतली. पण आगरकरांचे गुरू कोण? मिल आणि स्पेन्सर. त्यातला मिल तर इतका कडवा अनुभववादी की अंकगणिताचे नियमही अनुभवातून येतात, असे त्याने आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात प्रतिपादले. म्हणजे महाराष्ट्राचा बुद्धिवाद ज्या झऱ्यावर वाढला तो देकार्तचा नाही, अनुभववाद्यांचा आहे. शंभर वर्षांनी, १९९० साली, दि. य. देशपांड्यांनी ‘नवा सुधारक’ सुरू केला आणि विवेकवाद महिनोन्‌महिने उलगडून मांडला, तो वारसाही हाच. आपल्या परंपरेत विवेक म्हणजे खोलीत बंद होऊन पहिली तत्त्वे शोधणे नव्हे. विवेक म्हणजे तपासणे.

याच बीदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथे बसवण्णा आणि अल्लमप्रभू यांच्या भोवती शरण, म्हणजे शिवभक्त, जमले, त्या सभेला परंपरा ‘अनुभव मंटप’ म्हणते. तिथला अनुभव हा लॉकचा इंद्रियानुभव नव्हे. तो जगण्याचा, कष्टाचा आणि साधनेचा अनुभव. दोहोंना एक म्हणणे चूक ठरेल. पण सभेला नाव देताना ग्रंथाचे किंवा कुळाचे नाव न घेता अनुभवाचे घेतले गेले, ही गोष्ट या मातीत घडली आहे. कोणी कोणत्या जातीत जन्मला यावरून तो काय जाणू शकतो हे ठरवणारा जुना निष्कर्ष होता. तिथे चांभार, नावाडी आणि परीट बोलायला बसले आणि त्या निष्कर्षाचे आधारविधानच खोटे ठरले. ते खोटे ठरवायला नवा तर्क लागला नाही. त्यांचे बोलणे ऐकावे लागले.

आजही आपल्यापुढे रोज शिक्के उठवलेली पत्रे येतात: आकडा, चित्रफीत, थोरामोठ्यांच्या नावावर खपवलेले वाक्य. त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष पुष्कळदा तर्काला धरूनही असतो. अशा वेळी बुद्धी आणखी परजत बसण्याआधी एक गोष्ट करावी. पहिले विधान कोणी पाहिले, कुठे पाहिले, हे विचारावे. आणि जमत असेल तर स्वतः जाऊन पाहावे. बोगदा कितीही नेटका असो, मूळ विहिरीत पाणी आहे की नाही हे विहिरीत डोकावल्याशिवाय कळत नाही.